जावयासाठी कातला

मी एक म्हातारी भेरी आहे. भेरी म्हणजे वाजवायची नव्हे, मित्रांनो. कोलकात्याच्या पूर्वेला सांडपाण्यावर मासे पोसणाऱ्या तळ्याला भेरी म्हणतात. आता माझं उरलंय ते एक डबकं.

अख्ख्या शहराचा मळ कालव्यातून माझ्या दारी यायचा. नाक दाबू नका, तुमचाही कुठेतरी जातोच. त्या मळातला नत्र अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. तो साचला तर माशांना विष. पण ऊन पडलं की माझ्यातलं हिरवं शेवाळ त्यावर ताव मारायचं आणि शेवाळावर मासे पोसायचे. थोडा अमोनिया दुपारच्या वाऱ्यावर उडून जायचा. काही नत्र गाळापर्यंत पोचायचा, तिथले जिवाणू त्याची साधी हवा करून बुडबुड्यांतून सोडून द्यायचे. पुढे नदीकडे जायचं ते पाणी निवळलेलं असायचं. सगळं फुकट. फुकटचं, म्हणूनच त्याला किंमत नव्हती.

मला लागायचं फक्त ऊन. म्हणून आभाळ असेल तर कालव्याच्या तोंडाची फळी उचलून मळ आत घ्यायचा नाही, असा इथल्या कोळ्यांचा रिवाज होता. त्यांचा म्होरक्या सुबल नस्कर. रोज सकाळी ओंजळीत पाणी घेऊन रंग बघायचा आणि हिरवं दिसलं की विचारायचा, "मा, आज जेवणार ना?" मगच फळी उचलायचा. मला ते फार आवडायचं.

मग त्याच्या लेकीचं, झुमाचं लग्न झालं आणि ज्येष्ठात पहिली जामाईषष्ठी आली. त्या दिवशी सासू जावयाला पोटभर जेवू घालते, आणि ताटात कातला माशाचं भलंमोठं डोकं हवंच. माझे कातले तेव्हा लहान होते. शेजारीण सुबलच्या बायकोला, पारुलला, म्हणाली, "भेरीवाल्यांचा जावई, आणि मासा बाजारातला? बरंय बाई." झालं! जावई म्हणे दहावा ग्रह. तो नेमका माझ्या राशीला आला.

पारुलने घरात भुणभुण लावली. मळ जास्त सोडला तर मासे लवकर फुगतील, असं सुबलने ठरवलं. आभाळ तर दाटून आलेलं. त्याचा जोडीदार खगेन म्हणाला, "दादा, ऊन नाही. थांब."

"माझ्या पोरीने सासरी मान खाली घालायची का?" सुबल म्हणाला. "भेरी पचवेल. आजवर काय नाही पचवलं तिने?"

त्याने फळी उचलली आणि तशीच ठेवली.

नाही पचलं मला. उन्हावाचून शेवाळ मलूल झालं, अमोनिया साचत गेला, पाण्यातला प्राणवायू सरला. षष्ठीच्या पहाटे माझे मासे तोंड वर काढून हवा गिळत होते. उजाडल्यावर सगळे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. साऱ्या कोळ्यांचं वर्ष बुडालं.

सुबल रडला, नाही असं नाही. पण चार माणसांत म्हणाला, "पाणीच नासलंय. म्हातारी झाली ती." खगेनला खरं ठाऊक होतं, तोही गप्प बसला. माझ्या जागेवर डोळा ठेवून बसलेले बिल्डर गुहबाबू लगेच धावून आले. नासलेली भेरी विकायला वाईट कुणाला वाटणार? डबराचे ट्रक आले आणि मला पुरून गेले.

आता माझ्या छातीवर इमारत आहे. तिचं नाव 'सरोवर'. हसा, मित्रांनो, हसा! तिच्या फाटकावर सुबल पहारा करतो. शहराचा मळ आता नत्रासकट थेट नदीत जातो.

यंदाच्या षष्ठीला सुबल पिशवीत आंध्राहून आलेला बर्फातला मासा घेऊन माझ्या उरलेल्या डबक्याच्या काठाने चालला होता. थांबला. सवयीने वाकून ओंजळ भरली. पाणी काळं होतं. ते त्याने हळूच सांडलं.

"मा," तो म्हणाला, "तू नासली नव्हतीस गं."

ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या गावाबाहेरही कुणीतरी तुमचा मळ पचवत असेल. तिचे गोडवे गाऊ नका, पुरे झाले ते. फक्त आभाळ असेल तेव्हा फळी उचलू नका.