खटक्या आणि चंद्रावतीचे कार्बन

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसणार, तेव्हा आधी नाव सांगतो. माझं नाव खटक्या. बँकेच्या कागदावर माझं लांबलचक इंग्रजी नाव होतं. पण पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मी आलो, शिवा नावाच्या रंगाऱ्यानं माझा दांडा सरकवून पाहिला, खर्र-खट् असा आवाज झाला आणि माझं बारसं तिथंच उरकलं. आता मी जुना झालोय. कपाटाच्या तळाच्या फळीवर पडून असतो. वाईट वगैरे काही वाटत नाही. हल्ली मला फारसं काही वाटतच नाही.

माझा जन्म कुठं झाला ते मला ठाऊक नाही. यंत्रांना कोण सांगत बसतं? पत्रा कापला, दाबला, त्यावर सरकता दांडा बसवला आणि मला खोक्यात घातलं, एवढंच आठवतं. मग बँकेचे एक साहेब मला पिशवीत घालून पेणला कमळाकरशेठच्या कारखान्यात घेऊन आले. कमळाकरशेठ म्हणजे माझे मालक. वैशाख लागला की त्यांच्याकडे मुंबईची माणसं गाडी करून मूर्ती ठरवायला यायची. त्यांच्या खिशात रोकड कमी आणि बँकेचं क्रेडिट कार्ड हमखास. शेठना वाटलं, आपल्याकडेही कार्ड चालू द्यावं. पेणमध्ये तेव्हा माझ्यासारखी फार तर दोन-तीन यंत्रं असतील.

माझं काम सोपं होतं. कार्डावरचा नंबर, नाव आणि मुदत उठावाच्या अक्षरांत असते. ते कार्ड माझ्या पाठीवर ठेवायचं, वर तीन पानांची पावती ठेवायची आणि दांडा जोरात पलीकडे नेऊन परत आणायचा. खर्र-खट्! अक्षरं तिन्ही पानांवर उमटायची. गिऱ्हाईक सही करायचं. एक पान त्याला, एक शेठना, एक बँकेला. पानांमध्ये घातलेला पातळ काळा कार्बन मात्र उरायचा.

त्या कार्बनकडे नीट लक्ष द्या, कारण सगळं रामायण तिथंच आहे. कार्बन उजेडात धरला की कार्डाचा अख्खा नंबर त्यात दिसायचा. नाव दिसायचं, मुदत दिसायची. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कार्बन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर फाडायचा. चांगला बारीक बारीक फाडायचा."

"व्हय, व्हय," शेठ म्हणाले. चार-आठ दिवस त्यांनी फाडलाही.

पण मित्रांनो, गणपतीच्या कारखान्यात काही फेकायची रीत नसते. करवंटीत रंग कालवतात, फाटक्या साडीनं मूर्ती पुसतात, पेंढा तर सोन्यासारखा जपतात. तिथं रोज सुबक काळे कागद फाडून टाकायचे म्हणजे शेठच्या जिवावर यायचं. आणि ते कागद हवे असणारं माणूस माझ्या टेबलापासून दोन हातांवर बसलेलं होतं.

ती चंद्रावती. जवळच्या गडब गावाहून रोज एसटीनं यायची. तिच्याकडे आखणीचं काम होतं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. सगळं रंगकाम झालं की शेवटी आखणी होते आणि तोवर मूर्ती नुसती मातीची असते. चंद्रावती कुंचला कपाळाला लावायची, श्वास धरायची आणि एका ओढीत पापणी काढायची. तेवढा वेळ कारखान्यात कुणी खाकरायचंसुद्धा नाही. तिनं आखलेला गणपती कुठूनही बघा, तुमच्याकडेच बघतोय असं वाटायचं. मीही टेबलावरून बघायचो. मला तेव्हा फार बरं वाटायचं. ते बरं वाटणं अजून आठवतं, म्हणून सांगतो.

आखणीचे दिवस यायच्या आधी ती मूर्तीमागच्या प्रभावळीवर वेलबुट्टी काढायची. कागदावर नक्षी काढलेली असायची. खाली कार्बन ठेवून ती प्रभावळीवर गिरवायची आणि मग रंग भरायची. दुकानातला नवाकोरा कार्बन रंगावर काळे फराटे सोडतो. माझ्या पावतीतला कार्बन पातळ आणि एकदा दाबलेला, त्याची रेघ बारीक आणि फिकी उमटायची. रंग चढला की दिसायचीसुद्धा नाही. चंद्रावतीला असाच हवा होता.

"घे गो चंद्रावती, फुकट जातोय," असं म्हणत शेठ प्रत्येक पावतीचा कार्बन तिच्याकडे टाकायचे. ती तो बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. तिला त्यातले आकडे दिसत असतील, पण ते काय आहेत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. साहेबांनी सांगितलं होतं ते शेठना.

पहिले काही हंगाम माझी मोठी चैन होती. मी आहे म्हणून शेठची वट वाढली. शेजारच्या कारखान्यातली माणसं मला बघायला यायची. शिवा मला रोज पुसायचा. एका वर्षी तर मला झेंडूचं फूलही वाहिलं होतं, आता बोला!

मग सत्त्याण्णव साल आलं. त्या वैशाखात सुजय नावाचा एक रंगविक्या मुंबईहून येऊ लागला. गोड बोलायचा. चंद्रावतीला मावशी म्हणायचा, तिच्या वेलबुट्टीचं तोंडभर कौतुक करायचा. एकदा तिचा डबा बघून म्हणाला, "मावशी, हे झिजलेले टाकूनच देणार ना? मला द्या. माझ्या रंगाच्या डब्यांमध्ये घालतो, डबे आपटत नाहीत."

"ने की रे बाबा," चंद्रावती म्हणाली. "मना काय करायचेत?"

त्यानं एक कार्बन खिडकीशी नेऊन उजेडात धरला. थोडा वेळ बघितला. मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. पुढं दर खेपेला तो असेच कार्बन न्यायचा, रंगाच्या डब्यांमध्ये त्यानं एकही घातला नाही. हे मी बघितलं. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. दांडा सरकल्याशिवाय माझ्यातून आवाजच निघत नाही.

त्याच वैशाखात रोह्याहून नम्रता नावाची मुलगी आली होती. तिकडच्या एका कंपनीत नोकरीला होती. नवीन घर घेतलं होतं आणि घरात पहिल्यांदाच गणपती बसणार होता. तिचं कार्डही नवं होतं. तिनं एक छोटी शाडूची मूर्ती ठरवली, लोडाला टेकून बसलेली, आणि कार्ड माझ्या पाठीवर ठेवलं. खर्र-खट्! शेठनी कार्बन काढला आणि नेहमीसारखा चंद्रावतीकडे टाकला. "घे गो चंद्रावती, फुकट जातोय." नम्रता हसली. पावती पर्समध्ये नीट ठेवून गेली.

आषाढात तिच्या घरी बँकेचं बिल आलं. त्यात तिच्याच कार्डाच्या नंबरावर मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात केलेला खर्च होता. नम्रता त्या हॉटेलच्या पायरीवरही कधी चढली नव्हती. पण पोरगी हुशार. घरी आलेलं बिल ती ओळ न ओळ वाचायची, आपण ठेवलेल्या पावत्यांशी ताडून बघायची. त्याच दिवशी तिनं बँकेला फोन केला, कार्ड बंद करवलं आणि लेखी तक्रार दिली. हॉटेलच्या पावतीवरची सही तिची नव्हतीच, त्यामुळे बँकेनं तो खर्च तिच्या माथी मारला नाही. बाकीच्या काही गिऱ्हाइकांनी बिलं न वाचताच भरून टाकली होती. त्यांच्या लक्षात आलं तोवर फार उशीर झाला होता.

तक्रारी वाढल्या. बँकेनं शोध घेतला, तर त्या सगळ्या कार्डांत सामाईक गोष्ट एकच निघाली, ती म्हणजे मी. श्रावणात बँकेचे तेच साहेब पुन्हा आले. त्यांनी मला उलटंपालटं करून बघितलं आणि शेठना विचारलं, "कार्बन फाडत होतात ना?"

रंग फवारायचा कॉम्प्रेसर कुणीतरी बंद केला.

"फाडायचोच की," शेठ म्हणाले. "ही बाई उचलून ठेवायची. डबा बघा तिचा."

चंद्रावतीच्या हातात कुंचला होता. ती शेठकडे बघत राहिली. "शेठ, तुमीच द्यायचात ना वो?" एवढंच म्हणाली. शेठनी मान दुसरीकडे फिरवली. शिवा होता, बाकीचे रंगारी होते. सगळ्यांनी रोज बघितलेलं होतं. सगळ्यांना पुढच्या वर्षीही काम हवं होतं. कुणी तोंड उघडलं नाही. तिनं सुजयचं नाव सांगितलं, पण तो गेल्या महिन्यापासून फिरकला नव्हता आणि त्यानं दिलेला पत्ता खोटा निघाला.

साहेब डबा घेऊन गेले. म्हणाले, चौकशी संपेपर्यंत बाईला कामावर ठेवू नका. चंद्रावती संध्याकाळच्या एसटीनं गेली. दुसऱ्या दिवसापासून पेणमधल्या एकाही कारखान्यानं तिला दारात उभं केलं नाही. गडबातही बोभाटा झाला. "पेणला चोरी केलीन म्हनं," असं बायका तिच्या मागं बोलायच्या. हे सगळं शिवा चहा पिताना सांगायचा, सांगताना माझ्यावरची धूळ पुसायचा नाही. आयुष्यभर जिनं कुणाचा रंगाचा थेंबही घरी नेला नाही, तिच्यावर चोरीचा शिक्का बसला होता आणि तो पुसू शकणारा माणूस माझ्यासमोर खुर्चीत बसून मूर्त्या मोजत होता. मला संताप यायला हवा होता. आला नाही. माझ्या आत काहीतरी त्याच दिवशी बंद पडलं.

आखणीला शेठनी दुसरा माणूस आणला. त्यानं डोळे काढले. डोळे होते, पण बघत नव्हते.

गणपती तोंडावर आले तेव्हा नम्रता आपली मूर्ती न्यायला आली. पाट घेऊन आली होती, वर घालायला नवा रुमालही होता. तिच्या मूर्तीची आखणी राहिली होती. तिच्याच तक्रारीचा जबाब लिहून घ्यायचा होता म्हणून बँकेचे साहेबही आले होते. बोलता बोलता ते म्हणाले, "इथली एक बाई कार्बन चोरत होती. तिचं नाव आम्ही पोलिसांत देतोय."

"कोण, चंद्रावतीताई?" नम्रतानं शेठकडे पाहिलं. "काका, कार्बन तर तुम्हीच दिलात त्यांना. माझ्यासमोर. 'घे गो, फुकट जातोय' म्हणालात. मला तर तेव्हा बरं वाटलं होतं, इथं काही वाया घालवत नाहीत म्हणून."

शेठ खाली बसले. मग म्हणाले, "व्हय. मीच दिले. रोज मीच दिले."

साहेबांनी ते लिहून घेतलं. शेठनी खाली सही केली. चंद्रावतीचं नाव पोलिसांत गेलं नाही. शेठ त्याच दुपारी गडबला गेले आणि तिच्या आळीत, चारचौघांत उभं राहून खरं काय ते सांगून आले. शिवा सोबत होता, त्यानंच हे आल्यावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चंद्रावती आली, नम्रतासाठी. नम्रता पाट घेऊन पुन्हा रोह्याहून आलीच होती. चंद्रावतीनं कुंचला कपाळाला लावला आणि श्वास धरला. त्या छोट्या मूर्तीचे डोळे तिनं पूर्वीसारखेच काढले. कारखान्यात कुणी खाकरलं नाही. नम्रतानं मूर्ती पाटावर घेतली, रुमालानं झाकली आणि जाताना वाकून चंद्रावतीच्या पाया पडली.

शेठ म्हणाले, "चुकलो गो मी. उद्यापासून ये."

"नाय वो शेठ." ती रागावलेली दिसत नव्हती. "कुंचला धरला की हाताला काय कळत नाय आता. हा एक काढला, तो त्या पोरीसाठी. परत नाय जमायचा." तिनं कुंचला धुतला, माझ्याशेजारी टेबलावर ठेवला आणि एसटी पकडायला गेली. परत कधी आली नाही. आता डोलवीला एका कँटीनमध्ये भाकऱ्या थापते, असं शिवाकडून कळलं.

मित्रांनो, माझ्या जागी आता फोनच्या तारेला जोडलेलं, दिवा लागणारं नवं यंत्र आलंय म्हणतात. त्यात कार्बन नसतो, पण नंबर चोरायला कुणीतरी दुसरी वाट शोधेलच. तेव्हा एवढं ऐका. आपलं कार्ड नजरेआड जाऊ देऊ नका. पावती जपा, आलेलं बिल वाचा आणि खोटी ओळ दिसली की त्याच दिवशी बँकेला कळवा. ज्या कागदावर आपला नंबर उमटलाय तो आपल्या हातानं फाडा. आणि एखाद्यावर चोरीचा आळ येताना खरं काय ते तुम्ही पाहिलं असेल, तर तुम्हाला तोंड आहे, ते उघडा. मला नव्हतं.

मी कपाटात गेलो त्या दिवसापर्यंत कमळाकरशेठ प्रत्येक कार्बन गिऱ्हाइकासमोर फाडायचे. अगदी बारीक बारीक. फाडताना त्यांचा हात सवयीनं दोन हातांवरच्या त्या रिकाम्या जागेकडे जायचा, मग थांबायचा. तिचा कुंचला माझ्याशेजारीच या फळीवर आहे. प्रभावळीवर आता कुणी वेलबुट्टी काढत नाही. नक्षीची तयार पट्टी चिकटवतात.