सतरा नंबरच्या वासराची गव्हाण

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची गव्हाण आहे. सातासमुद्रापलीकडच्या फ्रिस्को शहराच्या उत्तरेला, जनावरांच्या आहारावर संशोधन करणाऱ्या एका फार्मवर माझी हयात गेली. वासरांचे ओठ कापू नयेत म्हणून कारागिराने माझ्या कडा गोल वळवल्या होत्या. कितीतरी वर्षं मी सोयाबीनची पेंड वाढली. पुढे प्लॅस्टिकच्या गव्हाणी आल्या आणि आम्हा चार जुन्यांची रवानगी छपराबाहेर, कुंपणापाशी झाली.

मग नागपूरची कांचन संशोधनासाठी आली. सोयाबीनऐवजी वाळवलेल्या अळ्यांचा भरडा दिला तरी मांसासाठी पाळलेली वासरं तितकीच वाढतील, हे सिद्ध करण्यासाठी तिने तीन वर्षं खपून तयारी केली होती. तिला आम्ही चौघी मिळालो. माझ्या वाट्याला सतरा नंबरचं वासरू आलं, नुकतंच आईपासून तोडलेलं, फार बुजरं.

सकाळी भरडा पडायचा. दुपारी उरलेला तोलायला तिचा सहकारी गिरीश यायचा. तो पुण्याचा, आकड्यांचा पक्का. उरलेलं काही नसायचंच. तो माझ्या लख्ख बुडाची तारीफ करायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण माणसं गेली की साळुंकीच्या जातीचे काळे पक्षी थव्याने उतरायचे. पेंडीकडे ते ढुंकूनही बघत नसत, अळ्यांवर मात्र तुटून पडत. पंखांच्या फडफडीला भिऊन वासरू मागे सरायचं आणि वाळकं गवत चघळत राहायचं. मी सांगणार कुणाला?

महिन्याने वजनं झाली. "ट्रफ रोज क्लीन असते यार, तरी वजन वाढत नाहीये," गिरीश आम्हा गव्हाणींकडे बोट दाखवून म्हणाला. "फीडच फेल आहे. ट्रायल कॅन्सल करू."

कांचनने एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळभर ती थंडीत कुंपणापाशी गाडीत बसून राहिली, आणि तिने पक्षी पाहिले.

त्याच दिवशी आमच्या सगळ्या कोपऱ्यावर पक्षी अडवणारी उंच जाळी बसली. तीन वासरं सावरली, ट्रायल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. सतरा नंबर मात्र खंगलं होतं. त्यातच आलेला ताप त्याला पेलला नाही. माझ्यात भरडा शिल्लक असताना, माझ्याच कडेवर मान टाकून ते गेलं. मला फार वाईट वाटलं.

गिरीशही हळहळला. रिपोर्टमध्ये तो 'आजाराने मृत्यू' असं लिहू लागला, तेव्हा कांचनने त्याला थांबवलं.

"उपाशी होतं, असं लिही. आणि महिनाभर आपण दोघांनी फक्त ट्रफ बघितली, वासराकडे बघितलंच नाही, तेही लिही."

मित्रांनो, मुक्या जिवाला वाढून झालं की लगेच निघून जाऊ नका. घटकाभर उभे राहा आणि ते खातंय का, बघा.