पुढून नीटनेटकं, मागून ढासळलेलं

मी घर बोलतंय. अमेरिकेतल्या ओहायोतलं, लाकडी, दुमजली. काचेच्या कारखान्यातल्या एका कामगाराने मला हौसेनं बांधून घेतलं. कारखाना बंद पडला, तशी त्याची मुलं दक्षिणेकडे निघून गेली. जाताना नळातलं पाणी काढून टाकायचं कुणाला सुचलं नाही. थंडीत पाणी गोठलं, नळ फुटले आणि माझी जमीन आतून कुजायला लागली.

पण बाहेरून कुणाला कळलं नाही, कारण शेजारच्या व्हर्लीनबाई. रिकामं घर दिसलं की चोर तांब्याचे नळसुद्धा उपटून नेतात. म्हणून त्या माझ्या अंगणातलं गवत कापायच्या, स्वतःची जुनी गाडी माझ्या दारात लावायच्या आणि पानगळीत इथल्या रीतीप्रमाणे पायरीवर भोपळा मांडायच्या. लोक म्हणायचे, काय छान घर! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बडा घर पोकळ वासा म्हणतात, मी तर धड बडंही नव्हतं.

पालिकेत शहरातली रिकामी घरं शोधायचं काम कोरीनबाईंचं. भूगोल शिकलेल्या. शिकत होत्या तेव्हा वही घेऊन गल्लीगल्ली पायी हिंडायच्या. पुढे कॉम्प्युटर आला. पाण्याचं मीटर, साठलेलं टपाल, वाढलेलं गवत, सगळं जुळवून त्यांनी नकाशा केला. रिकामं घर लाल, राहतं घर हिरवं. लाल घराला बुलडोझर.

मी हिरवं होतं.

माझी मागची गॅलरी व्हर्लीनबाईंच्या परसात कलली. तिथेच त्यांची चार वर्षांची नात जनाया खेळायची. बाईंनी कोरीनबाईंच्या ऑफिसात फोन केला. उत्तर आलं, "तिथे माणसं राहतात."

तिसऱ्या फोनला कोरीनबाई स्वतः आल्या आणि माझं दार वाजवू लागल्या.

"वाजव, वाजव. खार येईल दार उघडायला!" कुंपणापलीकडून व्हर्लीनबाई म्हणाल्या.

"मग हा भोपळा कुणाचा?"

"माझा. गवतही मीच कापते. गाडीही माझीच."

कोरीनबाईंनी कापलेल्या गवताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे गवत कापलेलं असलं की घर राहतं धरतात."

"तर तुझ्या नकाशाला एकदा मागच्या दारी यायला सांग की, पोरी!"

दोघी मागे आल्या. गॅलरीखाली जनाया बाहुलीला जेवू घालत होती. मी कडकन वाजलं. ऐन वेळी आवाज आवरता आला नाही मला. आजीनं झेप घेऊन नातीला ओढलं, आणि तिच्या बाहुलीवर फळी आदळली.



"गल्लीची अब्रू राहावी म्हणून करत होते गं मी," व्हर्लीनबाई पोरीला छातीशी धरून म्हणाल्या.

"मीटर शून्य होतं. दिसलं होतं मला," कोरीनबाई खाली मान घालून म्हणाल्या. "पण पाणी तोडलेल्या घरातही गरीब माणसं राहतात. त्यांच्या डोक्यावर बुलडोझर नको, म्हणून सोडलं. शेजारी विचारायला हवं होतं."

आता त्यांची माणसं आधी शेजारचं दार वाजवतात म्हणे.

त्या दिवशी दोघी माना खाली घालून उभ्या होत्या, आणि लाज खरी माझी होती. आडोसा द्यायला जन्मलेलं घर मी, आणि लेकराच्या अंगावर येत होतं.

उद्या बुलडोझर येईल. व्हर्लीनबाई, एवढं ऐका. जनायाला खिडकीतसुद्धा उभं करू नका. धूळ फार उडेल. शिवाय माझं आतलं सगळं उघडं पडेल, ते त्या लेकरानं बघू नये.