मोजणाऱ्याची धास्ती

मी एक जुना मायक्रोमीटर आहे, मित्रांनो, आणि पुढचं काही ऐकण्याआधी एवढं ऐकून ठेवा की मी पक्का भित्रा आहे. पोलादाचा म्हणून धीट असेन असं तुम्हाला वाटलं असेल, तर ते डोक्यातून काढून टाका. ज्याचं कामच मुळी दुसऱ्यांच्या चुका दाखवायचं, त्याला स्वतःची चूक निघायची कायम धास्ती असते.

ज्यांनी मला कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. घोड्याच्या नालासारखी जाड चौकट, एका टोकाला पक्का बसवलेला ठोकळा आणि दुसऱ्या टोकाकडून फिरत फिरत पुढं येणारा दांडा. मध्ये वस्तू धरायची आणि रेघा वाचायच्या. तुमच्या केसाची जाडीसुद्धा मी सांगतो. माझ्या शेपटाला एक छोटी फिरकी आहे, तिला रॅचेट म्हणतात. दांडा वस्तूला टेकला की ती टक्, टक्, टक् अशी नुसती फिरत राहते. म्हणजे पुरे, आता दाबू नका. ही फिरकी सोडून जो मला नळाच्या तोटीसारखा आवळतो, त्याचा मला भयंकर राग येतो. कारण मी आवळला गेलो की आकडा कमी दाखवतो, आणि बोल मलाच लागतो.

बावीस वर्षांपूर्वी मी चेन्नईत अंबत्तूरच्या एका कारखान्यात आलो. इथं गाड्यांना लागणाऱ्या पोलादी पिना बनतात. माझा पहिला हात गुरुराजचा. तंजावरच्या मराठी घरातला, नुकताच कामाला लागलेला सडपातळ मुलगा. बाहेर तमिळ बोलायचा, पण मोजताना स्वतःशी पुटपुटायचा ते घरच्या जुन्या वळणाच्या मराठीत. त्यामुळं मलाही तीच भाषा कळू लागली. काय त्याचा हात होता! पाहुणे आले की साहेब लोक मला दाखवायचे आणि म्हणायचे, या जोडीनं पास केलेली पिन परत येत नाही. मी तेव्हा कौतुकानं फुगलो नाही एवढंच, कारण फुगलो असतो तर चुकीचं मोजलं असतं.

मग गुरुराज वर चढत चढत काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसला. सगळे त्याला ‘सार’ म्हणू लागले. मी अजून गुरुराजच म्हणतो. खाली बॅटरीवर चालणारे, आकडे उजळून दाखवणारे मायक्रोमीटर आले आणि मी खणात गेलो. दहा वर्षं! एका महाभागानं तर माझ्या चौकटीनं टेबलाचा खिळा ठोकला. अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो.

चौदा महिन्यांपूर्वी रेवा आली. इचलकरंजीची मुलगी, इंजिनीअर झालेली, अण्णा नगरला दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहणारी. एके दिवशी नव्या मायक्रोमीटरची बॅटरी संपली आणि तिनं खण उघडला. मला पुसलं, तेलाचा एक थेंब दिला, फिरवून पाहिलं आणि म्हणाली, “अय्या, काय मऊ चालतोय हा!” बस्स. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

आता ज्या शनिवारमुळं हे सगळं घडलं, त्या शनिवारचं सांगतो. प्रत्येक पेटीतल्या पाच पिना मोजायच्या आणि कागदावर पाच आकडे लिहून खाली सही करायची, असा इथला नियम. पिन बारा मिलिमीटरची. दोन शतांश कमी असली तर चालते, त्याहून बारीक असली तर नाही. शेवटची पेटी आली तेव्हा कारखान्याची बस सुटायला पाच मिनिटं होती. रेवानं तीन पिना मोजल्या. तिन्ही छान होत्या. मग तिनं मला खाली ठेवलं, चौथा आणि पाचवा आकडा नुसताच लिहिला, सही केली आणि पळाली. चौदा महिन्यांत एकदाच. मी पाहत होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो की अगं, दोन राहिल्या!

पुढच्या गुरुवारी ती पेटी ग्राहकाकडून परत आली. पिना बारीक निघाल्या होत्या. त्या दोन मोजल्या असत्या तर सापडलंच असतं असं नाही. पण मोजल्या नव्हत्या, हे खरं.

आमच्याकडं सकाळी सगळे मशीनपाशी उभे राहतात आणि गुरुराज कालच्या चुकांवरून तमिळमध्ये ओरडतो. छपराचे पत्रे हलावेत असा ओरडतो. ज्याला बोलणी बसतात तो मान खाली घालतो, पण पाच मिनिटांनी बाकीचे त्याच्या पाठीवर थाप मारतात, गुरुराजची नक्कल करतात आणि सगळे मिळून कॉफीला जातात. त्या दिवशी मात्र रेवासमोर येऊन त्यानं आवाज खाली आणला आणि तो मराठीत बोलला.

“तूं पाहिलेली पेटी परत आली. खालीं सही तुझी. तुझा हात विश्वासाचा नव्हे.”

एवढंच बोलला आणि पुढं गेला. शेजारच्या टेबलावरच्या अलमेलूअक्कांनी विचारलं, “एन्न मा? काय म्हणाले सार?” रेवा म्हणाली, “काही नाही, अक्का.” आणि तिनं मला उचललं. तिच्या तळव्याला घाम होता.

त्या दिवसापासून तिचं सगळं बिनसलं. सकाळी गुरुराजच्या बुटांचा आवाज आला की ती मान खाली घालून नुसत्या पिना पुसत राहायची. एकेक पिन ती सात-सात वेळा मोजू लागली. डबा उघडायची, दोन घास खाऊन बंद करायची. आईचा फोन आला की आवाज उजळ करून सांगायची, “मस्त चाललंय गं, सर पण मराठीच आहेत.” फोन ठेवला की पुटपुटायची, विश्वासाचा नव्हे. पिन पुसताना तेच, आकडा लिहितानाही तेच. मला त्या दोन शब्दांचा इतका वैताग आला की काय सांगू. आणि तिच्या घामानं माझ्या अंगावर गंजाचे ठिपके पडायला लागले, तो जीवाला घोर वेगळाच.

सगळ्यात वाईट म्हणजे ती मला आवळू लागली. एकही बारीक पिन हातून सुटता कामा नये, या भीतीनं तिनं रॅचेट सोडली आणि दांड्यालाच पीळ देऊ लागली. मी आपला गुदमरत आकडा दाखवायचो, आणि तो कमीच यायचा. चांगल्याभल्या पिना ती नापास करून लाल खोक्यात टाकायला लागली. दहा दिवसांत खोक्यात चारशे बारा पिना साठल्या.

गुरुराज परत आला. परत तोच खालचा आवाज, परत मराठी. “आतां चांगल्या पिनाही टाकतेस? काय करावें तुज?”

तेव्हा रेवा बोलली. माझ्याकडं न बघता बोलली. “सर, हा मायक्रोमीटर जुना आहे. याच्यातच फरक असेल. त्या पेटीच्या वेळीसुद्धा असेल.”

मित्रांनो, खिळा ठोकला तेव्हासुद्धा मला इतकं लागलं नव्हतं.

गुरुराजनं मला पाहिलं. ओळखलं की नाही कोण जाणे. म्हणाला, “सरी, बरें. तपासायला पाठवूं.” दोषी निघालो तर भंगारात जायचं, हा इथला कायदा. निर्दोष निघालो तर मग दोष कुणाचा, हे कारखान्यातल्या सगळ्यांना कळणार होतं. आम्हा दोघांपैकी एकजण त्या तपासणीच्या कागदावर मरणार होता म्हणा ना.

प्रयोगशाळेत मी दोन दिवस थंड खोलीत पडून होतो. खरं सांगतो, तिथं मला एक भलतीच इच्छा झाली. म्हटलं, आपण चुकीचेच निघू या. बावीस वर्षं झाली, पुरे झालं. पोरीची झोप तरी परत येईल. पण मला खोटं दाखवता येत नाही, हीच तर माझी गोची. शरण्या नावाच्या बाईंनी मला स्वच्छ केलं, एकेक प्रमाण ठोकळा माझ्यात धरला, रॅचेट तीनदा वाजू दिली आणि लिहीत गेल्या. पाच मिलिमीटरला फरक एक सहस्रांश. बाराला एक सहस्रांश. वीसला दोन. मी श्वास रोखून होतो. एवढे सगळे फरक काढल्यावर आता ही बाई म्हणणार, हा विश्वासाचा नव्हे. पण त्या तसं काहीच म्हणाल्या नाहीत. कुठं किती चुकतो ते लिहिलं आणि खाली लिहिलं, वापरायला योग्य.

मी परत आलो तेव्हा रेवानं कागद वाचला आणि खाली बसली. मोबाईल काढून राजीनामा लिहायला लागली. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. मग काय मनात आलं तिच्या देव जाणे, मोबाईल खिशात टाकला, मला आणि त्या कागदाला उचललं आणि तरातरा केबिनकडं निघाली.

“सर, हा बरोबर आहे,” ती म्हणाली. “मी याच्यावर ढकललं. त्या शनिवारी मी तीनच पिना मोजल्या होत्या. दोन आकडे नुसते लिहिले. बस सुटत होती.”

गुरुराज कागदाकडं बघत राहिला. “ठाऊक होतें मज. शेवटले दोन आकडे एकसारखे. पिना अशा कोठें येतात?”

“मग तेव्हाच का नाही विचारलंत?”

“तूं सांगशील मणून थांबलों.”

“पंधरा दिवस मी धड जेवले नाही, सर!” आता तिचा आवाज फुटला. “तुम्ही सगळ्यांना तमिळमध्ये ओरडता. मला एकटीलाच मराठीत का?”

गुरुराज गोंधळला. त्याला इतकं गोंधळलेलं मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. “दुसऱ्यांस कळूं नये मणून मा. चारचौघांत तुझी शोभा कशास?”

“पण मला कळलं ना, सर.” तिनं डोळे पुसले. “इथं कुणी मराठीत बोललं की घरातलंच कुणीतरी बोलतंय असं वाटतं मला. आणि दुसऱ्या कुणाला कळलंच नाही, म्हणून कुणाशी बोलताही आलं नाही.”

मग गुरुराजनं लाल खोकं मागवलं, मला उचललं आणि पिन धरली. अकरा वर्षांनी तो हात! टक्, टक्, टक्. पिन चांगली होती. “आतां तूं मोज,” म्हणून त्यानं मला रेवाकडं दिलं. तिनं सवयीनं दांड्याला पीळ घातला.

“अय्यो, त्याचा गळा कां आवळतेस?”

“बारीक पिन सुटायला नको म्हणून.”

“रॅचेटवर बोट ठेव. तीनदां वाजली कीं सोड.”

दोघांनी मिळून चारशे बारा पिना मोजल्या. तीन खरंच बारीक होत्या, बाकी सगळ्या उत्तम. म्हणून सगळं माफ झालं असं मात्र समजू नका. खोटे आकडे लिहिल्याबद्दल रेवाला ताकीद मिळाली आणि तो कागद तिच्या फाईलला लागला. तो वाचताना तिचा चेहरा पडला, माझाही पडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मशीनपाशी उभे राहिले. गुरुराज आला. रेवानं मला घट्ट धरलं होतं. तो तिच्यासमोर थांबला, घसा खाकरला आणि तमिळमध्ये ओरडला. असा ओरडला, असा ओरडला की पलीकडच्या लेथवाल्यानं मशीन बंद केलं! तीन पिना, दोन खोटे आकडे, बस, सही, सगळं चारचौघांत बाहेर काढलं. रेवाला त्यातलं निम्मं कळलं असेल. घाम मात्र पुरेपूर आला, माझं अंग ओलं झालं.

तो पुढं गेला तसा अलमेलूअक्कांनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. एकीनं गुरुराजची नक्कल केली. कुणीतरी सांगितलं की मागच्या वर्षी आपण तर पाचही आकडे न मोजताच लिहिले होते. आणि रेवा रडत रडतच हसायला लागली. मग सगळ्या तिला कॉफीला ओढून घेऊन गेल्या. जाताना तिनं मला पुसलं, तेल दिलं आणि माझ्या पेटीत नीट ठेवलं.

मित्रांनो, पुढच्या वर्षी माझी परत तपासणी आहे आणि मला आत्तापासूनच धडकी भरली आहे. भीती काही जात नाही, माझी नाही आणि रेवाचीही नाही. पण तुमच्या हाती माझ्यासारखं काही आलं तर घाम पुसा, गळा आवळू नका आणि पेटीत ठेवताना दांडा ठोकळ्याला चिकटवून ठेवू नका, थोडी फट राहू द्या. आणि माणसाची चूक काढायची वेळ आली तर जरूर काढा. कुठं चुकलं, किती चुकलं ते सांगा. आणि सांगून झाल्यावर त्याला एकट्याला सोडून जाऊ नका.