मलम न घातलेली बाटली

धाकटीची कातडी जन्मापासूनच दगाबाज. जरा कुठे घासलं की फोड, आणि फोड फुटला की साल निघून उघडं मांस. थोरली बहीण तिच्यासाठीच संशोधनात शिरली, असं घरचे कौतुकानं सांगत. नोकरीत कायम व्हायला ती किती उतावीळ आहे, हे मात्र कुणी सांगत नसे.

प्रयोगशाळेत हाच रोग असलेल्या उंदरांच्या पिल्लांची कातडी काढून तिनं त्यातल्या पेशी बाटल्यांत वाढवल्या. साध्या पेशी लवकरच माना टाकायच्या. मग तिनं त्यांच्यात एक जनुक घुसवलं आणि पेशी अमर झाल्या. कितीही वाढवा, मरायचं नाव नाही. त्यांच्यावर या रोगासाठी बनवलेलं नवं मलम घालून तिनं बाटली गदगदा हलवली. आजारी पेशींचा थर एरवी हलवताच सुटायचा, तो आता जागचा हलेना. थोरली हुरळून गेली. कुणाला न विचारता तिनं मलमाची डबी घरी नेली. मलम विस्तवासारखं झोंबायचं, तरी धाकटी हूं की चूं न करता लावून घ्यायची.

त्याच अमर पेशींची, मलम न घातलेली बाटली मात्र कुणी हलवलीच नव्हती. शिकाऊ पोरंसुद्धा तुलनेसाठी आधी तीच हलवतात, पण आनंदाच्या भरात अक्कल गहाण पडते. शेवटी थोरलीनं ती हलवली. तिचाही थर सुटला नाही. अमर होताना पेशी रोगच विसरल्या होत्या, मलमाचा काडीचाही गुण नव्हता.

ती तडक प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेली.

"मलम विकत घ्यायला कंपनीवाले सोमवारी येतायत," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "तोवर मूग गिळून गप्प बसा. तुम्हाला कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर पडलाय."

"सर, माझी बहीण ते मलम लावतेय."

"ठाऊक आहे, आणि या रोगाच्या सगळ्या पेशंटना गुण येतोय म्हणून सांगत सुटलीय. आता मध्येच थांबवलंत तर का म्हणून विचारणार ती. चार दिवसांनी काय बिघडतं?"

थोरलीला साहेबांची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली, कारण तिला ते पटलं होतं.

घरी धाकटी पाठ उघडी टाकून वाटच बघत बसली होती. खांद्याखालचं साल पुन्हा निघालं होतं.

"ताई, आज जरा जास्तच लाव. झोंबलं तर झोंबू दे. तुझ्या त्या पेशी खरंच बऱ्या झाल्या ना गं?"

"पूर्ण बऱ्या झाल्या," थोरली म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं. तिनं बोटभर मलम घेतलं आणि उघड्या मांसावर पसरलं.