आलोच मिस्त्रींचं कुलूप

या, अशा जवळ सरकून बसा. भिंतीला टेकून बसलात की डोळा लागतो आणि गोष्टीतलं नेमकं गमतीचं तेवढंच निसटतं. हातातलं काम हातात असू द्या, कान मात्र इकडे द्या. देवाने दिवस वाटले तेव्हा कुणाचा वशिला चालू दिला नाही. राजालाही तेवढाच, भिकाऱ्यालाही तेवढाच. मग एकाचा दिवस पुरून उरतो आणि दुसऱ्याचा दुपारीच फाटतो, हे कसं? त्याचीच एक गोष्ट सांगायची आहे. सुताराची आहे, म्हणजे थोडी ठोकाठोकी होणारच, दचकू नका.

एक मिस्त्री होते. आईने ठेवलेलं त्यांचं नाव आईबरोबरच गेलं. लोक त्यांना ‘आलोच मिस्त्री’ म्हणत. कुणाच्या खुर्चीचा पाय मोडो, कुणाच्या दाराची कडी निखळो, हाक ऐकली की मिस्त्रींच्या तोंडून एकच शब्द निघायचा, “आलोच!” आणि मग माणूस वाट बघायचा. एका बाईंनी खिडकीची झडप बसवायला बोलावलं होतं. मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन पोहोचले तेव्हा बाईंनी कंटाळून त्या खिडकीच्या जागी भिंत घालून घेतली होती.

आता तुम्ही म्हणाल, आळशी असेल लेकाचा. नाही हो! असं म्हणाल तर जीभ झडेल. उजाडताच दुकान उघडायचे ते दिवेलागणीपर्यंत माणूस उभाच. हातात कला होती, पोटात माया होती, फक्त ‘नाही’ हा शब्द तोंडात घालायला देव विसरला होता. त्यामुळे दुकान कसं? तीन पायांचं टेबल, पाठ नसलेली खुर्ची, एकाच दाराचं कपाट. एक ना धड, भाराभर चिंध्या! आणि कामाचा कायदा एकच होता, ओरडेल त्याचं आधी. जो दारात येऊन तोंड सोडेल त्याची वस्तू पुढे ओढायची, दोन ठोके घालायचे, तो शांत झाला की दुसरा ओरडायला तयारच.

ओरडणाऱ्यांचा राजा म्हणजे लिलाववाले. जुन्या सामानाचा लिलाव पुकारून पुकारून त्यांचा गळा असा तयार झाला होता, की ते ‘पाणी द्या’ म्हणाले तरी तीन घरांतून तांबे यायचे. त्यांना उभं राहायला एक उंच स्टूल हवं होतं. “मिस्त्री,” ते गरजायचे, “परवा मी साबणाच्या खोक्यावर उभा राहून बोली पुकारत होतो. खोकं खचलं, मी खाली पडलो, आणि मागच्या रांगेतल्या एकाने माझ्यावरच बोली लावली!”

“आलोच, आपलं हे... झालंच!” मिस्त्री म्हणायचे आणि स्टुलाला दोन ठोके घालायचे.

आणि या सगळ्या गलक्यात, कोपऱ्यात, पोत्याखाली, चार चांगल्या फळ्या पडून होत्या. त्या पाळण्यासाठी होत्या.

लेक आणि जावई दुकानाच्या वरच, त्यांच्याच घराच्या माडीवर राहत. लेकीने गोड बातमी सांगितली तेव्हा बापाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “बाबा, मला दुसरं काही नको. तुमच्या हातचा पाळणा हवा,” एवढंच ती म्हणाली होती. मिस्त्रींनी त्याच दिवशी वखारीत जाऊन एकेक फळी बोटाने वाजवून निवडली. मग महिने गेले. लेकीचं पोट वाढलं, फळ्यांवर धूळ वाढली. लेक कधी ओरडली नाही. आणि ज्याच्यासाठी पाळणा व्हायचा, त्याला तर अजून ओरडताच येत नव्हतं.

एके दिवशी तिने जिन्यातून विचारलं, “बाबा, कुठवर आलंय?”

“होईल गं, आता लागलोच बघ!”

“लवकर लागा हो. पोटातलं ‘आलोच’ म्हणेल ना, तेव्हा ते खरंच येईल.”

हे मिस्त्रीणबाईंनी ऐकलं. मिस्त्रीणबाई म्हणजे दिसायला साधी, वागायला गरीब, पण डोक्यात एक खट्याळ भोवरा सतत फिरता. त्या काही बोलल्या नाहीत. बायको बोलत नाही म्हणजे प्रकरण मिटलं, असं मिस्त्रींना वाटलं. भोळा जीव!

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री हात धुऊन जेवायला बसले. “वाढ गं.”

“आणलंच!” आतून आवाज आला.

मिस्त्री बसले. खिडकीत शेजारचा बोका ओरडला. मिस्त्रीणबाई लगबगीने आल्या, बोक्याला दूध घातलं, पाठीवरून हात फिरवला आणि आत गेल्या. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, तर तिला चाळण नेऊन दिली आणि चार गोष्टी जास्तीच्या करून आल्या.

“अगं, माझं जेवण?”

“आणलंच म्हटलं ना!”

बोका पुन्हा ओरडला. त्याला पुन्हा दूध मिळालं. शेवटी मिस्त्रींचा तोल गेला आणि ते ओरडले, “मी इथे बसलोय की नाही?”

“हं, आता कसं!” म्हणत मिस्त्रीणबाई पळत आल्या आणि त्यांच्या ताटात चिमूटभर मीठ वाढलं.

“हे काय? नुसतं मीठ?”

“काम सुरू झालंय ना तुमचं? बाकीचं उद्या. आता बोक्याचा नंबर आहे.”

जिन्यात बसून लेक पोट धरून हसत होती. मिस्त्रींचे कान लाल झाले. “हा काय पोरखेळ?”

“पोरखेळ कसला? तुमच्या दुकानाचा कायदा घरी आणलाय. ओरडेल त्याचं आधी.”

“जगाची रीतच आहे ती. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही!”

“ही म्हण कुणा बापाने केली असणार,” मिस्त्रीणबाई म्हणाल्या. “आई झालेल्या कुणालाही विचारा. पोर रडायच्या आधी तिला जाग येते.”

मिस्त्री मिठाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “मला कळत नाही का गं? रोज सकाळी त्या फळ्यांना हात लावतो. तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं.”

लेकीने हसू आवरलं. जिना उतरून बापाजवळ आली. “जाऊ दे बाबा. मला विकतचा पाळणा चालेल.”

आता बघा हं. लिलाववाले रोज तोंडावर शिव्या घालायचे, ते मिस्त्रींना टोचलं नव्हतं. पण ‘चालेल’ हा एवढासा शब्द तुसासारखा आत जाऊन बसला. मिस्त्रीणबाईंनी मग सगळं जेवण वाढलं, मिस्त्री जेवलेही, पण घास कुठे जात होता देव जाणे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते दुकानात शिरले. मागोमाग मिस्त्रीणबाई आल्या. “काही विसरलीस का?” मिस्त्रींनी विचारलं. दार ओढल्याचा आवाज आला, मग कडी, मग कुलूप.

“अगं! अगं, मी आत आहे!”

“माहीत आहे म्हणून तर लावलं,” फटीतून आवाज आला. “पाण्याचा तांब्या खिडकीत आहे. दुपारपर्यंत तुम्ही गावाला गेलात.”

मिस्त्रींनी दार ठोठावलं, विनवण्या केल्या, एकदा देवाचं नावही घेतलं. बाहेर मिस्त्रीणबाई पाठ नसलेल्या खुर्चीवर ऐसपैस बसून शेंगा सोलत होत्या. अखेर मिस्त्रींनी निःश्वास टाकला, पोतं बाजूला केलं, फळ्यांवरची धूळ पुसली आणि लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं शेगडीवर ठेवलं. हा सरस मोठा मानी असतो. गरम असतो तोवर लाकडाला लाकूड असं धरतो की सुटायची सोय नाही. पण जरा पाठ फिरवा, लगेच गोठून बसतो. मग पुन्हा शेगडी पेटवा, पुन्हा ढवळा, पुन्हा वाट बघा.

रंधा फिरू लागला. ढलप्यांची वेटोळी पायाशी जमली. आणि मग व्हायचं तेच झालं.

“मिस्त्रीऽऽऽ!” लिलाववाले आले होते.

सवय ती सवय! मिस्त्रींच्या तोंडून “आ” निघालाच. उरलेला “लोच” त्यांनी दातांत पेन्सिल धरून कसाबसा गिळला.

“आत कुणीतरी ‘आ’ केलं!” लिलाववाले म्हणाले.

“बोका आहे,” मिस्त्रीणबाई शेंग फोडत म्हणाल्या. “त्याचा दात दुखतोय.”

“आणि मिस्त्री?”

“एका फार मोठ्या गिऱ्हाइकाकडे कामाला लागलेत.”

“माझ्याहून मोठं? कोण ते?”

“अजून कुणी पाहिलेलं नाही.”

लिलाववाले चक्रावून निघून गेले. आतमध्ये मिस्त्री पेन्सिल चावत उभे होते. त्यांनी हळूच भांड्यात बघितलं. सरस पातळ होता, गरम होता. एरवी एव्हाना तो तीनदा गोठला असता! प्रत्येक हाकेला हातातलं टाकून धावायचं, परत यायचं, हत्यार शोधायचं, सरस तापवायचा. दिवसभर आपण लाकूडकाम करतो अशी त्यांची समजूत होती. खरं तर ते दिवसभर सरस तापवत होते.

मग हात असे चालले म्हणता! पाळण्याच्या चारी बाजूंच्या खाचा एकदमच काढल्या, सांधे एकदमच भरले. पाळणा शिकंज्यात आवळून ठेवला तरी भांड्यात सरस शिल्लक होता. तापलेलाच आहे तर वाया का घालवा, म्हणून तीन पायांच्या टेबलाला चौथा पाय दिला. कपाटाला दुसरं दार आलं. लिलाववाल्यांच्या स्टुलाचे पाय बसले. कुणी ओरडत नव्हतं आणि तीन-तीन कामं पुढे सरकत होती. आश्चर्यच की!

दुपारी कुलूप निघालं. मिस्त्रीणबाईंनी हसू दाबून विचारलं, “रागावलात?”

मिस्त्रींनी बाहेर डोकं काढून दोन्ही बाजूंना बघितलं आणि हळूच म्हणाले, “अजून थोडा वेळ लावतेस का?”

“नाही. आता गिऱ्हाइकांची वेळ. कुलूप उद्या सकाळी.”

“पण ते येतील, ओरडतील. काय सांगू?”

“खरं सांगा. आज नाही, अमुक दिवशी. आणि जो दिवस द्याल तो पाळा. हो, शनिवारची दुपार मात्र कुणाला देऊ नका.”

“का? शनिवारी काय आहे?”

“काही नाही, म्हणूनच. मोडणारी वस्तू काय विचारून मोडते? अशांसाठी ती दुपार मोकळी हवी.”

संध्याकाळी लिलाववाले पुन्हा आले. छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, “आज नाही.”

आयुष्यातला पहिला नकार! मिस्त्रींनी लगेच पुढचं जोडलं, “गुरुवारी. दुपारी. पॉलिशसकट.”

लिलाववाल्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग ते अगदी माणसासारख्या आवाजात म्हणाले, “गुरुवारी ना? नक्की? अहो, हे आधीच सांगितलं असतंत तर मी कशाला घसा फाडला असता? तुम्ही ‘झालंच’ म्हणायचात, म्हणून मला रोज यावं लागायचं!”

मिस्त्री बघतच राहिले. म्हणजे ओरडायला आपणच शिकवलं होतं तर!

त्यानंतर रोज सकाळी मिस्त्री स्वतःच किल्ली बायकोच्या हातात द्यायचे. एकदा खिडकीतून हळूच “आलोच” म्हणताना पकडले गेले, तेव्हा मिस्त्रीणबाईंनी खिडकीलाही कडी घातली. माणूस एका दिवसात सुधारत नसतो.

बुधवारी पाळण्यावर शेवटचा हात फिरला. मिस्त्रींनी स्वतःचा गाल कठड्यावरून फिरवून बघितला, कुठे लाकडाची बारीक कूस लागते का म्हणून. लागली नाही. बाळ यायला अजून अवकाश होता, सगळे तसंच म्हणत होते. पण बाळाला कुणी सांगितलं होतं? गुरुवारी पहाटेच ते आलं, आजोबांसारखं वाट बघायला न लावता. मुलगी झाली. आणि कुणालाही धावपळ करावी लागली नाही. पाळणा माडीवर, खिडकीजवळ, मऊ दुपटं अंथरून तयार होता. लेकीने त्यावरून हात फिरवला आणि बापाकडे बघितलं. मिस्त्री दोन पायऱ्या उतरून जिन्यात बसले आणि डोळ्यांत भुसा गेल्यासारखे डोळे चोळत राहिले.

दुपारी लिलाववाले दुकानात आले. विश्वास पूर्ण बसलेला नसल्यामुळे घसा साफ करूनच आले होते. बघतात तर दारात चकचकीत स्टूल! “झालंय?” ते जरा हिरमुसलेच. “मी तर तयारी करून आलो होतो.” मग स्टुलावर चढले, दोनदा उड्या मारून बघितल्या. स्टूल करकरलंसुद्धा नाही.

तेवढ्यात माडीवरून असा काही टाहो फुटला, की स्टुलावर लिलाववाल्यांचाच तोल गेला.

“अरे बापरे! ही कोण? माझ्या वरची बोली!”

“हेच ते मोठं गिऱ्हाईक,” मिस्त्रीणबाई म्हणाल्या. “आता ओरडायला शिकलंय.”

“आलोच!” मिस्त्री म्हणाले. आणि लिलाववाले काही बोलायच्या आत ते जिन्यावर होते, तीन-तीन पायऱ्या गाळत. त्यांच्या जन्मात हा शब्द पहिल्यांदाच खरा झाला.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. आता उठाल, आपापल्या कामाला लागाल. दारात ओरडणारे तुमच्याही असतील, त्यांना गोड बोलून खरा दिवस द्या. पण सकाळी पहिलं काम हातात घेताना कुलपाबाहेर शेंगा सोलत बसलेल्या त्या मिस्त्रीणबाईंची आठवण काढा, आणि तुमच्या घरात जो कोणी कधीच ओरडत नाही, त्याची.