पुलपीट आणि सुंभाची बाज

मी एक जुना सागवानी मंच, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझं मन काही फार मोठं नाही. उंद्रीच्या लहानशा चर्चमध्ये पाळकसाहेब ज्याच्यावर चढून उपदेश करत, तो मी. मंडळी मला पुलपीट म्हणत. मिशनच्या गोऱ्या साहेबानं निवडक सागवान आणवून मला घडवून घेतलं. पुढच्या फळीवर क्रूस कोरला, चढायला दोन पायऱ्या केल्या आणि तेल चोळून मला असं चकचकीत केलं, की उपासना संपली तरी लोक मला हात लावल्याशिवाय घरी जात नसत. "काय लाकूड हाय राजा!" असं म्हणत. मला वाटायचं, या इमारतीत देवाच्या खालोखाल आपणच.

पुढे साहेब त्याच्या देशी परत गेला. महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या आगेमागे अंभोरे पाळक आमच्याकडे आले. बैलगाडीतून त्यांचं सामान उतरलं. एक ट्रंक, त्यांच्या बायकोचं, मार्थाबाईंचं, शिलाई मशीन, आणि ती. ती म्हणजे सुंभाची बाज. बाभळीच्या लाकडाची, मध्ये झोळ पडलेली, एक खूर, म्हणजे पाय, चिरलेला. उभी राहिली तरी कुरकुरायची. तिला अंगणात कडुलिंबाखाली टाकलं, ते नेमकं माझ्या समोरच्या खिडकीतून दिसेल असं. तेव्हापासून माझं सुख संपलं.

रविवारी अंभोरे पाळक माझ्यावर चढायचे, चष्मा लावायचे आणि लिहून आणलेला कागद वाचायचे. "प्रियजनहो, पवित्र शास्त्र आपणांस असे शिकविते..." भाषा अगदी शुद्ध. पण म्हातारे पेंगायचे, लेकरं माझ्या पायरीवर खिळ्यानं रेघोट्या ओढायची. सोमवारी तेच पाळक त्या बाजेवर मांडी घालून बसले, की त्यांच्या तोंडून वेगळंच काही निघायचं. एकदा सोजराबाई रडत आली. म्हणाली, "पाळकसाहेब, प्रार्थनेले बसलं का दूध उतू जाते, अन् दूध पाह्यलं का प्रार्थना राह्यते."

"मग दुधापाशीच म्हण न माय," पाळक हसले. "ज्यानं दूध देल्लं, त्याले चुलीपुढं बसाची काय लाज हाय?"

सोजराबाई डोळे पुसत, हसत गेली. आणि मी इकडे आत जळून खाक! हे वाक्य माझ्यावर उभं राहून म्हणायला काय झालं होतं? सागवान माझं, क्रूस माझ्यावर, आणि गोड बोल त्या भिकारड्या बाजेच्या वाट्याला! ती कुरकुरली, की मला वाटायचं, मलाच चिडवते आहे. कुणी पाहुणा आला की पाळक त्याला उशाकडे बसवायचे आणि स्वतः पायथ्याला टेकायचे. एवढा मान मला देणारा माणूस पायथ्याला बसतो, याचा तर मला फारच राग यायचा.

पुढे एका साली भिंतीपलीकडच्या तानुबाईचं दुःख बाजेपाशी आलं. ती आपल्या मंडळीतली नव्हे, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. नवरा आदल्या वर्षी गेला. विहीर तिची आणि जेठाची, म्हणजे थोरल्या दिराची, उकंडरावांची, सामाईक. उकंडरावांनी तिची पाण्याची पाळी बंद केली. मळा आमच्या हवाली कर आणि घरात बस, असं त्यांचं म्हणणं. तिची वांगी उन्हानं माना टाकू लागली. वांगी गेली, की मळा जाणार आणि मळा गेला, की तिच्या दोन पोरी दुसऱ्याच्या दारात भाकरी मागणार, हे सगळ्या गावाला दिसत होतं.

पाळकांनी दोघांना बोलावलं. उकंडराव बाजेच्या उशाकडे बसले. तानुबाई जेठासमोर कशी बसणार? ती डोईवर पदर ओढून झाडाआड उभी राहिली. भावजयीनं जेठाशी तोंडानं बोलायचं नाही, ही तिथली रीत. म्हणून दोघंही पाळकांशीच बोलत होते.

"त्यायले सांगा, एक दिवसाआड तरी पाणी द्या म्हणा."

"तिले सांगा, बाईमाणसाच्यानं मोट होत नाही म्हणा."

पाळक बिचारे हातभर अंतरावरचे निरोप इकडून तिकडे पोचवत राहिले. शेवटी उकंडराव धोतर झटकून उठले आणि तरातरा निघून गेले. पाळक किती तरी वेळ तसेच पायथ्याला बसून होते. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. माझ्यावर प्रार्थना करताना त्यांचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत जायचा. तिथं तर पाखरालाही ऐकू गेला नसता. मला वाटलं, ही खरी प्रार्थना आहे आणि ती मला मिळाली नाही.

मग पहिल्या पिकाचा सण आला. हा माझा दिवस! या दिवशी मंडळी शेतातला पहिला माल आणून माझ्याभोवती रचतात, उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. लिलावाला सगळं गाव येतं. मला ज्वारीची ताटं बांधली, झेंडूच्या माळा घातल्या. मी खिडकीतून बाजेकडे तोऱ्यात पाहिलं. तिच्यावर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. बरं झालं, म्हटलं.

उकंडराव दाराशी उभे होते. दरसालचा मोठा भोपळा तेच बोलीनं घ्यायचे. तानुबाईही टोपली घेऊन कोपऱ्यात होती. शेजारधर्म म्हणून ती दरवर्षी टोपलीभर वांगी द्यायची. पाळक माझ्यावर चढले. चष्मा लावला, कागद उघडला.

"प्रियजनहो, शेजाऱ्यावर प्रीती करा, असे..."

कडाड! माझी तळफळी मोडली आणि पाळकांचा पाय गुडघ्यापर्यंत माझ्या पोटात गेला. वाळवी! किती वर्षं ती मला खालून खात होती. वरून सगळे हात फिरवत होते, खाली वाकून कुणीच पाहिलं नव्हतं. मला गुदगुल्या होतात असं वाटायचं, ते हे होतं.

"बाज आना बे, बाज!" मंडळीचे पंच शंकरराव ओरडले. आणि माझ्या सणाला, माझ्या फुलांसमोर, मिरच्या झटकून त्या बाजेला आत आणलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मार्थाबाईंनी पाळकांच्या नडगीला हळद लावली. पाळक बाजेच्या पायथ्याला बसले. कागद माझ्या पोटातच राहिला होता. त्यांनी तो मागितला नाही.

"पाहा बरं," ते म्हणाले. "वरून फुलं बांधली, अन् खालून वायवी खाऊन राह्यली. माहंबी तसंच हाय. शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणून मी वाचून राह्यलो, अन् माह्या भिंतीपल्याड वांगी वायून राह्यली. तानुबाई, तुही टोपली पह्यली ठेव माय."

टोपलीत सुरकुतलेली, लिंबाएवढी वांगी होती. शंकरराव कुजबुजले, "पाळकसाहेब, पह्यला मान चांगल्या मालाले असते."

"यंदा आपल्या गावाचा माल हाच हाय," पाळक म्हणाले.

उकंडराव पुढे आले. एक वांगं उचलून त्यांनी देठ पाहिला, काटे पाहिले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "पाळकसाहेब, तिले विचारा, हे माह्या धाकल्यानं धरलेल्या बियाचं हाय काय?"

"मले काऊन विचारता?" पाळक म्हणाले. "ते काय समोर उभी हाय."

उकंडराव वांगं हातात धरून तसेच उभे राहिले. मग पहिल्यांदाच त्यांनी मान वळवली. "तानू, धाकल्याचं बियाणं हाय काय हे?"

"हाव," पदराआडून आवाज आला. "त्यायनंच गाडग्यात राखेत ठेवलं होतं."

"उद्या सकायी पाण्यावर येजो," उकंडराव म्हणाले. "मोट मी धरतो."

तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. छे हो! एवढं मोठं घडलं, तेही तिच्यापाशीच, या विचारानं मी आणखीच जळलो. त्या आनंदात दहाजण एकदम बाजेवर बसले आणि तिचा चिरलेला खूर मोडला. खोटं कशाला बोलू, तेवढं मात्र मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शंकरराव मला बघून म्हणाले, "आता हे जायाच्याच कामाचं." मार्थाबाईंच्या चुलीत सरपण म्हणून माझी रवानगी व्हायची वेळ आली. सुतार कचरूनं कुऱ्हाड उचललीही होती. पाळक लंगडत आले, वाकले आणि त्यांनी मला खालपासून वरपर्यंत चाचपून पाहिलं. असं मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. "वरचं सागवान साजरं हाय," ते म्हणाले. "कचरू, बाजेले खूर कर."

तर मित्रांनो, घरातल्या जुन्या लाकडाला तेल लावाच, पण अधूनमधून वाकून खालीही बघा. माणसांचंही तसंच बघा. आत काय पोखरतंय, ते आम्हाला सांगता येत नाही.

मी आता बाजेचा पायथ्याकडचा खूर आहे. हेवा सगळा गेला असं म्हणणार नाही, उशाकडच्या खुरांना पाहुण्यांचा मान मिळतो तो अजून खुपतो. पण रोज संध्याकाळी अंभोरे पाळक येतात आणि माझ्या बाजूला टेकतात. इतकी वर्षं माझ्या या वरच्या लाकडावर ते नुसता हात ठेवून बोलत होते. आता सगळा भार टाकून बसतात.